आकेर हे खेडे नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्लो शहराच्या वाढीविषयी आपल्या दैनिकात आलेल्या लेखात आकेरचा उल्लेख शहराशेजारचे एक खेडे असा झाला आहे आणि ते १९४८ मध्ये शहरात विलीन झाले असे म्हटले आहे. वर्ष बरोबर आहे, 'खेडे' चूक आहे. १ जानेवारी १९४८ रोजी आकेरचे अस्तित्व संपले तेव्हा तिथे सुमारे १ लाख ३० हजार लोक राहत होते. देशातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर बर्गन, त्याचीही लोकसंख्या यापेक्षा कमी होती. ऑस्लो शहराचे क्षेत्र तेव्हा जेमतेम १७ चौरस किलोमीटर होते. आकेर मिळाल्यावर ते ४५० चौरस किलोमीटरच्या वर गेले. कोणी कोणाला सामावून घेतले, हे या आकड्यांवरूनच दिसते.

कायद्याने आकेर 'ग्रामीण' होते, आणि घोटाळा याच शब्दाने होतो. नॉर्वेच्या कायद्यात कोम्युने, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, दोन जातींच्या होत्या: शहरी आणि ग्रामीण. ग्रामीण कोम्युनेला हेर्रेद म्हणत. एखादी वस्ती हेर्रेदमध्ये आहे म्हणजे तिथे शेतीच चालते असा त्याचा अर्थ नव्हे. तिला शहराचा दर्जा मिळालेला नाही, एवढाच अर्थ. आकेरमध्ये गिरण्या होत्या, कामगारांच्या दाट चाळी होत्या, बंगल्यांच्या वसाहती होत्या आणि उत्तरेला मैलोन्‌मैल जंगलही होते. कायद्याच्या लेखी हे सगळे 'ग्रामीण'.

या व्यवस्थेचा पाया १४ जानेवारी १८३७ च्या कायद्यांत आहे. 'कायद्यांत' हे अनेकवचन मुद्दाम वापरले आहे, कारण त्या दिवशी शहरांसाठी एक आणि ग्रामीण भागासाठी दुसरा असे दोन कायदे झाले. अंमल १८३८ पासून सुरू झाला. ग्रामीण भागात नव्या हद्दी आखत बसण्याऐवजी चर्चच्या धर्मक्षेत्राची, म्हणजे प्रेस्तेयेलची, जुनी हद्दच बहुतेक ठिकाणी कोम्युनेची हद्द ठरली. आकेरचेही असेच झाले. नाव तर त्याहून पुराणे. 'आकेर' म्हणजे नांगरलेले शेत. बाराव्या शतकातले 'जुने आकेर' हे दगडी चर्च आजही उभे आहे. आकेर्शहुस किल्ला, आकेर्शहुस जिल्हा, शहरातून वाहणारी आकेर नदी, सगळ्यांची नावे याच मुळातून आली.

कारभाराची रचना साधी होती. मतदारांनी फॉर्मान्स्काप नावाचे छोटे कार्यकारी मंडळ निवडायचे आणि त्याच्या तिप्पट प्रतिनिधी वेगळे निवडायचे. फॉर्मान्स्कापमध्ये पाच जण असतील तर प्रतिनिधी पंधरा, एकूण सभागृह वीस. अध्यक्षाला ऊर्डफरर म्हणत, आज महापौरासाठी हाच शब्द आहे. रोजचा कारभार छोट्या मंडळाकडे, पण नवा खर्च काढायचा तर मोठ्या सभागृहाची मंजुरी लागे आणि महत्त्वाच्या ठरावांवर राजाचा जिल्हाधिकारी, म्हणजे आम्टमन, याची देखरेख असे. शाळा आणि गरिबांचे पोषण यांसाठी वेगळ्या समित्या होत्या, त्यांत धर्मगुरूचा शब्द वजनदार. कर प्रामुख्याने जमिनीवर. प्रत्येक शेताचे मूल्य सरकारी नोंदवहीत ठरलेले असे आणि खर्चाची वाटणी त्या प्रमाणात होई.

मत कोणाला होते? १८१४ च्या राज्यघटनेने दिलेलाच मताधिकार इथे लागू झाला: वय २५ पूर्ण झालेले पुरुष, आणि त्यातही सरकारी अधिकारी, शहरांतले व्यापारी-कारागीर नागरिक, ग्रामीण भागात नोंदणीकृत जमिनीचे मालक किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीचे खंडकरी. ही अट शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. आकेरच्या शहरालगतच्या पट्ट्यात, जिथे माणसे सर्वांत दाटीने राहत, तिथल्या बिनजमिनीच्या कामगाराच्या वाट्याला या व्यवस्थेत काहीच आले नाही. ग्रामीण कायदा अर्धशहरी वस्तीला लावला की काय बिघडते याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण घरांचे, आणि ते आजही डोळ्यांनी पाहता येते. १६२४ च्या आगीनंतर राजा चौथा क्रिस्तियान याने जुने ऑस्लो सोडून किल्ल्यालगत नवे शहर वसवले, त्याला स्वतःच्या नावावरून क्रिस्तियानिया हे नाव दिले आणि आगीच्या भीतीने तिथे लाकडी घरे बांधायला बंदी केली. या सक्तीला मुरत्वांग म्हणतात. विटांचे घर महाग, लाकडाचे स्वस्त, आणि सक्ती शहराच्या हद्दीपुरती. म्हणून हद्द ओलांडली की लगेच, आकेरच्या भूमीवर, लाकडी घरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. कारखान्यांना लागणारे मजूर तिथे राहत आणि रोज शहरात कामाला येत. तिथे पाणी, सांडपाणी, अग्निशमन शहराच्या तोडीचे नव्हते, कारण ग्रामीण कोम्युनेकडून त्याची अपेक्षाच नव्हती. शेवटी शहराने हद्द दोनदा मोठ्या प्रमाणात पुढे सरकवली. १८५९ मध्ये ग्रूनेरलोक्का, ग्रोनलान आणि आगीनंतर मागे राहिलेले जुने ऑस्लो शहरात आले. १८७८ मध्ये काम्पेन, वोलेरेंगा, रोदेलोक्का आणि पश्चिमेकडचे फ्रोग्नर आले. हद्द सरकली की मुरत्वांगही सरकली. पुढच्याच वर्षी काम्पेनला मोठी आग लागली, आणि आता बांधकामाचे नियम शहराचे होते. आज वोलेरेंगा किंवा रोदेलोक्काच्या गल्ल्यांत रंगीत लाकडी घरे दिसतात आणि त्यांना लागून विटांच्या चारमजली इमारती. हा फरक आवडीनिवडीचा नाही. घर आकेरमध्ये असताना बांधले की शहरात आल्यावर, एवढाच प्रश्न असतो.

याच संदर्भात एक गोष्ट लेखात राहून गेली आहे. जुने ऑस्लो १८५९ पर्यंत राजधानीच्या हद्दीबाहेर होते. राजधानीचे नाव क्रिस्तियानिया होते आणि ऑस्लो हे एका बाहेरच्या उपनगराचे. १ जानेवारी १९२५ पासून संपूर्ण शहराने ऑस्लो हे नाव घेतले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या कागदात 'ऑस्लो' वाचून ते राजधानीविषयी आहे असे धरले तर हमखास फसगत होते.

हद्दीच्या अलीकडे-पलीकडे हक्कही बदलत. १९०१ मध्ये स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत मर्यादित मताधिकार मिळाला. अट उत्पन्नाची होती: स्वतःच्या किंवा पतीच्या करपात्र उत्पन्नाची किमान रक्कम ग्रामीण भागात ३०० क्रोनर, शहरात ४००. म्हणजे ३५० क्रोनर उत्पन्न असलेली स्त्री आकेरमध्ये मतदार, आणि रस्ता ओलांडून क्रिस्तियानियात राहायला गेली की नाही. ही अट १९१० मध्ये गेली. शाळांचेही तसेच. १८८९ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा ग्रामीण भागासाठी एक आणि शहरांसाठी एक असे दोन कायदे झाले आणि ते १९५९ पर्यंत वेगळे राहिले. संसदेच्या, म्हणजे स्टोर्टिंगच्या, जागासुद्धा ग्रामीण दोन-तृतीयांश आणि शहरी एक-तृतीयांश अशा वाटलेल्या होत्या, ती तरतूद १९५२ मध्ये रद्द झाली. आकेरचे लाखभर लोक शहरासारखे जगत होते आणि मत ग्रामीण आकेर्शहुसमध्ये देत होते.

विसाव्या शतकात आकेरच्या सभागृहाने, हेर्रेदस्तीरेने, जे केले त्यालाही खेड्याचा कारभार म्हणता येणार नाही. आकेरचे स्वतःचे रुग्णालय होते, ते नाव अजून टिकून आहे. आकेर्सबानेर्ने ही कोम्युनेच्या मालकीची उपनगरी रेल्वे कंपनी होती. तिने पूर्वेला ओस्टेनशोचा मार्ग १९२६ मध्ये ओप्सालपर्यंत नेला आणि १९३४ मध्ये उत्तरेला सोंगस्वान्न तळ्यापर्यंतचा मार्ग सुरू केला. आज ऑस्लोच्या मेट्रोने तळ्याकाठी फिरायला जाणारा माणूस एका ग्रामीण कोम्युनेने आखलेल्या रुळांवरून जातो.

मग विलीनीकरण का झाले? मुख्य कारण जागा. १७ चौरस किलोमीटरमध्ये घरे बांधायला शहराकडे भूमी उरली नव्हती, आणि मोकळी जमीन सगळी आकेरकडे. त्यात कर राहत्या कोम्युनेला जाई. शहरात कमावणारा माणूस आकेरमध्ये बंगला बांधून राहिला की त्याचा स्थानिक कर शहराला मिळत नसे. जर्मन ताब्याच्या काळात, १९४१ पासून, निवडलेली सभागृहे बाजूला सारून नेमलेले अध्यक्ष बसवले गेले, म्हणून हा प्रश्न लोकनियुक्त सभागृहांपुढे पुन्हा येऊ शकला तो १९४५ नंतरच. निर्णय अर्थातच राज्यसत्तेचा होता, नॉर्वेत कोम्युनेची हद्द कोम्युने एकटी ठरवत नाही. परिणाम लगेच दिसला. शहर नियोजन प्रमुख एरिक रोल्फसेन यांच्या काळात आकेरच्या शेतजमिनींवर नवी उपनगरे आखली गेली. त्यातले पहिले लाम्बेर्टसेटर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचे.

आकेरची गोष्ट १९६० च्या दशकातल्या मोठ्या एकत्रीकरणात मिसळू नये, अशीही विनंती. १९३० च्या सुमारास नॉर्वेत ७४७ कोम्युने होत्या. १९४६ मध्ये निकोलाय शेई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६७ पर्यंत ही संख्या ४५४ वर आली. तिथे हेतू उलटा होता: शाळा आणि आरोग्यसेवा पेलू न शकणाऱ्या छोट्या, गरीब हेर्रेद एकत्र करणे. आकेर गरीबही नव्हती आणि छोटीही नव्हती. त्रोन्हाइमलगतची स्त्रिंदा (१९६४ मध्ये विलीन) आणि बर्गनलगतची फाना (१९७२ मध्ये विलीन) या मात्र आकेरच्या जवळच्या बहिणी म्हणता येतील.

ज्यांना या भागाचे जुने कागद पाहायचे आहेत त्यांच्यासाठी थोडे. आधी ठिकाण कोणत्या वर्षी कोणत्या हद्दीत होते हे ठरवा, मग शोध घ्या. काम्पेनमधले कुटुंब १८७५ च्या जनगणनेत आकेर हेर्रेदखाली, आकेर्शहुस जिल्ह्यात सापडेल, आणि तेच कुटुंब त्याच घरात १९०० मध्ये क्रिस्तियानियाखाली. कुटुंब हललेले नाही, रेघ हलली. जन्म-विवाहाच्या नोंदींसाठी १८६१ नंतर आकेर हे नाव पुरत नाही, कारण धर्मक्षेत्राचे पश्चिम आकेर आणि पूर्व आकेर असे दोन भाग झाले. क्रिस्तियानिया या शहराच्या नावाची जुनी (Christiania) आणि नवी (Kristiania), अशी दोन्ही स्पेलिंगे लावून पाहावीत. जनगणना आणि चर्चच्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या दिगितालआर्कीवेत, म्हणजे त्याच्या संकेतस्थळावर, विनामूल्य पाहता येतात. कोम्युनेचे स्वतःचे दप्तर ऑस्लो नगर अभिलेखागारात आहे.

जमिनीचा शोध घेताना १८८६ च्या आधीचे आणि नंतरचे क्रमांक एकमेकांत मिसळू नयेत. त्या वर्षीच्या नोंदवहीपासून प्रत्येक मूळ शेताला गोर्सनुमर आणि त्यातून फुटलेल्या तुकड्याला ब्रुक्सनुमर मिळाला, आणि त्यापूर्वीची क्रमपद्धती वेगळी होती. आकेर कोम्युने बंद झाली, तिचे क्रमांक बंद झाले नाहीत. ऑस्लोच्या बाहेरच्या वस्तीतल्या सदनिकेच्या खरेदीखतावर आजही पहिला आकडा असतो तो आकेरमधल्या कुठल्या तरी शेताचा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक