‘कोणाकडून?’ याचं उत्तर रिपोर्टमध्ये नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल, मुलींना द्यायच्या लसीबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतं आणि मी ते वाचतही आलो आहे. पण एचपीव्हीचा, म्हणजे हा कर्करोग ज्यामुळे होऊ शकतो त्या विषाणूचा, रिपोर्ट घरात आल्यावर नवरा-बायकोमध्ये काय होतं, याविषयी माझ्या वाचनात कधी काही आलं नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या लग्नाला 23 वर्षं झाली. गेल्या वर्षी पत्नीने पॅप टेस्टसोबत (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) एचपीव्हीची चाचणी करून घेतली. रिपोर्टचं पाकीट काउंटरवर मिळालं. ‘पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना दाखवा,’ एवढं सांगून तिथल्या माणसाने पुढचा नंबर पुकारला. डॉक्टरांची वेळ मिळाली आठ दिवसांनंतरची.

त्या रात्री मी मोबाइलवर शोधलं. पहिल्याच ओळीत होतं, ‘लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू’. त्याच्या खाली बरंच काही होतं, पण मी तिथेच थांबलो आणि वर्षं मोजायला लागलो. ती नोकरीसाठी परगावी राहिली ती दोन वर्षं, तिच्या ऑफिसचे दौरे. दुसऱ्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, ‘हे आलं कुठून?’ माझ्या शर्टाच्या बाहीवर तिचा हात थांबला. म्हणाली, ‘तेच मी तुम्हाला विचारणार होते.’

पुढचे दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिने आपला टॉवेल वेगळ्या दांडीवर टाकायला सुरुवात केली. मला दिसत होतं, तरी मी काही म्हणालो नाही. (हे छापायला पाठवू का, असं तिला विचारलं, तर म्हणाली, ‘टॉवेलचं तर लिहाच.’)

डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही आत बोलावलं. रिपोर्ट उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेनाने या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढली. ‘ही तुमची दोघांची वर्षं, लग्नाआधीचीसुद्धा. लागण या रेघेवर कुठेही झालेली असू शकते. कुठे, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही.’ मग त्यांनी समजावलं. ज्यांचे कधी ना कधी शरीरसंबंध आले आहेत, अशा बहुतेक सगळ्यांना हा विषाणू आयुष्यात एकदा तरी गाठतो. दहापैकी साधारण नऊ जणांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप हटतो, त्यांना पत्ताही लागत नाही. काहींच्या शरीरात मात्र तो चाचणीत सापडणार नाही इतका दबून राहतो आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा दिसतो. त्यामुळे आज पॉझिटिव्ह आलं याचा अर्थ आज-काल लागण झाली असा होत नाही, आणि कोणी कोणाला फसवलं असाही होत नाही.

मी म्हणालो, माझी चाचणी करा. मला वाटत होतं, निदान खरं-खोटं तरी होईल. डॉक्टर म्हणाले, पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त नियमित चाचणी नाही. त्या उत्तराने मी हललो. म्हणजे विषाणू माझ्याकडून तिच्याकडे गेला असेल, तरी माझं नाव कधीच कुठल्या कागदावर येणार नाही. रिपोर्टवर नाव तिचं आणि झडतीही तिचीच. लग्नाआधी माझे एका मुलीशी संबंध होते. हे मी पत्नीला कधीच सांगितलं नव्हतं, आणि वर्षं मोजताना माझं बोट त्या वर्षांवर एकदाही गेलं नव्हतं. त्या दिवशी घरी परतताना सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. राग विषाणूचा नव्हता, आठ दिवसांचा होता, हे नंतर बोलली.

बाकी शंका लवकर मिटल्या. इतकी वर्षं एकत्र राहणाऱ्या जोडप्यात हा विषाणू बहुधा दोघांपर्यंत आधीच पोचलेला असतो, तेव्हा आता दूर राहून काही साधत नाही. हा त्वचेच्या संपर्कातून पसरतो, म्हणून कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. टॉवेल पुन्हा एकाच दांडीवर आला. लस पुढची लागण रोखते, असलेली घालवत नाही. आमच्या 13 वर्षांच्या मुलीला मात्र ती दिली. या विषाणूचे अनेक प्रकार असतात, त्यांना क्रमांक दिलेले आहेत; पत्नीच्या चाचणीत आढळलेला प्रकार 16 किंवा 18 नव्हता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. तिची पॅप टेस्टही नॉर्मल होती, म्हणून वर्षाने पुन्हा तपासणी सांगितली. विषाणू ठाण मांडून बसला तरी निरोगी बाईच्या शरीरात कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात, आणि त्याआधीचे बदल तपासणीत सापडले की उपचार करता येतात. भीतीने तपासणीच टाळली, तर हा सगळा वेळ फुकट जातो. माझी खरी काळजी आता तीच आहे. माझ्यासारखा प्रश्न घरात ऐकावा लागेल या धाकाने कितीतरी बायका चाचणीच करून घेत नसतील.

माझी मागणी छोटी आहे. पॉझिटिव्ह रिपोर्टवर, निकालाच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत एक वाक्य छापावं: ‘हा संसर्ग केव्हा आणि कोणाकडून झाला, हे या चाचणीतून कळत नाही.’ काउंटरवर पाकीट देणाऱ्यानेही ते तोंडाने सांगावं, आणि सोबत नवरा आला असेल तर त्याच्यादेखत सांगावं. पत्नीची फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहे.

आपला,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)