दहा ऑगस्ट आणि मंडळीतला अबोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑगस्ट आला की दलित ख्रिस्ती संघटना काळा दिवस पाळतात. १९५० साली याच तारखेला राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना, असं ठरलं. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. धर्माची अट काढून टाका, असं केंद्र सरकारनेच नेमलेल्या मिश्रा आयोगाने २००७ साली सांगितलं. तरी २०२२ मध्ये त्याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेलाच. अनुसूचित जमातींना ही अट नाही, म्हणून नंदुरबारचा भिल्ल ख्रिस्ती झाला तरी त्याची जमात कागदावर राहते. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जात गेली ती फक्त कागदावरून. गावाने ती नीट जपून ठेवली. एवढंच नाही, जातीवरून मारहाण झाली तर ॲट्रॉसिटीचा कायदाही आमच्या कामाचा नाही.

हे सगळं निवेदनांत दरवर्षी येतं. निवेदनात जे येत नाही, त्यासाठी हे पत्र.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. इकडच्या बऱ्याच मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे समुदाय, महारवाड्या-मांगवाड्यांतूनच उभ्या राहिल्या. आज त्याच मंडळीत तीन तऱ्हेची माणसं एका बाकावर बसतात. मिशनच्या शाळेत शिकून शिक्षक, नर्स झालेल्यांची मुलं पुण्या-मुंबईत स्थिरावली. ती नाताळला येतात आणि म्हणतात, ‘सरकारपुढे हात कशाला पसरायचे? प्रभू पुरवतो.’ (मीही पेन्शनर आहे. मलाही प्रभू महिन्याच्या महिन्याला पुरवतो.) दुसरे, दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. तिसऱ्यांच्या दाखल्यावर अजून हिंदू आणि जुनी जात आहे, त्यावरच पोरांची शिष्यवृत्ती चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका बाईंच्या प्रकरणात, ख्रिस्ती राहून असा दाखला मागणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं म्हटलं. तेव्हापासून हे लोक मागच्या बाकावर बसतात, फोटो काढू देत नाहीत. कोणी काही बोललं नाही, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं.

निवडणूक आली की याच माणसांची भांडणं पक्षांच्या नावाने होतात. एक म्हणतो, सत्तेतल्यांशी जुळवून घ्या, चर्चची जमीन आणि शाळा तरी वाचेल. दुसरा त्याला विकला गेलेला ठरवतो. खरं तर ज्याला जमीन राखायची आहे आणि ज्याला दाखला हवा आहे, ती दोन वेगळी घरं आहेत. पक्ष बदलला तरी हा फरक तसाच राहणार.

आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, अशा वेळी ऐक्यावर उपदेश करतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय मात्र ते घेत नाहीत. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना फूट पाडणारे म्हटलं नाही. वाटप नीट व्हावं म्हणून सात माणसं नेमली. कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनेही डिसेंबर २०१६ मध्ये दलितांसाठीचं धोरण काढलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लिहून मान्य केलं. कृती किती झाली हा वेगळा मुद्दा, पण लिहिलं तर. आमच्याकडे तो शब्द काढला की चहा येतो.

दिल्लीकडून न्याय मागावाच, मीही निवेदनावर सही करतो. पण आमच्या मंडळीची शेवटची वार्षिक सभा मी पाहिली. निषेधाचा ठराव पाच मिनिटांत एकमताने झाला. मग वेशीच्या कमानीला ग्रॅनाइट लावायचं की साधी फरशी, यावर दीड तास गेला. देऊळ, म्हणजे चर्च, झाडणाऱ्या बाईंचा पगार वाढवायचा विषय सातवा होता. वेळेअभावी तो पुढच्या सभेवर ढकलला. त्या बाई तेव्हा मागे सतरंज्या गुंडाळत होत्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा