आत किती ते छापले, आत काय ते नाही : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या मांजरीला झटके आणणाऱ्या, पाळीव प्राण्यांच्या एका स्प्रेविरुद्ध मी पावसाळ्यात एका सरकारी कार्यालयात तक्रार दिली, तेव्हा ‘चौकशी करून कळवू’ असे तेथील साहेबांनी समक्ष सांगितले होते. गेल्या आठवड्यात हाती पडले ते एका ओळीचे पत्र : ‘सदर उत्पादन सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ स्प्रे अजून त्याच दुकानात विक्रीला आहे.

हे उत्तर कायद्याला धरून आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे मानवी शरीराला लावायची वस्तू. त्यामुळे माझ्या शांपूवर २०२० च्या नियमांप्रमाणे घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक छापावा लागतो. माझ्या मांजरीच्या, सोनीच्या, बाटलीला ते नियम लागूच नाहीत. वजनमापाच्या नियमांमुळे तिच्यावर ‘२०० मिली’, किंमत आणि ग्राहक सेवा क्रमांक तेवढे होते. बाकी सगळीकडे हिरवे पान, पंजाचा ठसा आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक, सर्व पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित, गोचीड-पिसवांपासून मुक्ती’.

फवारल्यावर काही तासांतच सोनीचे कान फडफडू लागले, मग मागचे पाय उडू लागले आणि रात्री दहाच्या सुमारास सगळे अंग आचके देऊ लागले. ‘यात काय आहे?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता आणि मी नुसती बाटली फिरवून पाहत राहिले. लक्षणांवरून त्यांनी परमेथ्रिन या कीटकनाशकाचा अंदाज बांधला. कुत्र्यांच्या गोचीडनाशकांत ते सर्रास असते आणि त्यांना ते सोसते; मांजरीच्या यकृताला मात्र त्याचा निचरा वेळेत करता येत नाही. भांडी घासायच्या लिक्विडने तिला धुतले, सलाइन लावले, झटके थांबवायची इंजेक्शने दिली. ती वाचली. मी रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होते, घरी आईचा रक्तदाब चढला, बिल चौदा हजारांच्या घरात गेले, आणि पुढे महिनाभर मांजर नुसते शिंकले तरी माझ्या पोटात गोळा येत असे. एवढा तपशील मंत्र्यांना कशाला, असे आपणास वाटेल. पण तो कोणाला तरी सांगणे भाग होते, कारण बाटलीवरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फक्त भक्तिगीत वाजते.

त्याच १९४० च्या कायद्यात औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राणीही आहेत. मग गोचीड घालवण्याचा दावा करणारी बाटली औषध का ठरू नये? ‘ग्रूमिंग स्प्रे’ असे लिहिले की ती औषध राहत नाही, सौंदर्यप्रसाधन तर ती नव्हतीच, आणि मग या खात्याने त्या खात्याकडे बोट दाखवायला सगळे मोकळे. माणसांच्या सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ पासून बंदी आहे, ते उत्तमच झाले. प्राण्यांच्या प्रसाधनाची चाचणी मात्र माझ्या घरात, माझ्या मांजरीवर बिनदिक्कत झाली आणि तिचे पैसेही मीच मोजले.

हा बाजार म्हणे हजारो कोटींचा आहे; आमच्या सोसायटीत तर दर तिसऱ्या घरात कुत्रे नाहीतर मांजर असेल. विक्रीवरचा कर घेताना सरकारला या बाटल्या बरोबर दिसतात. प्राण्यांचा छळ रोखणारा कायदा १९६० चा, त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात त्या स्प्रेचे झाकणही येणार नाही. ‘२०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने लेकरे दगावली तेव्हा कुठे यंत्रणा हलली, तुमच्या मांजरीला कोण विचारतो?’ असे लोक मला ऐकवतात. माणसांची औषधे तरी वेळेवर तपासता का, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला विचारावा लागतो.

सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत प्राण्यांचा समावेश करा, नाहीतर त्यांच्या प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम करा. सर्व घटक छापणे सक्तीचे करा. परमेथ्रिन असेल तेथे ‘मांजरांना वापरू नये’ हे स्थानिक भाषेत, भिंग न घेता वाचता येईल अशा अक्षरांत असावे. पशुवैद्यकांना अशा घटना नोंदवण्यासाठी एक ठिकाण द्यावे आणि त्या नोंदी कोणीतरी वाचाव्यात. ती बाटली, खरेदीची पावती आणि दवाखान्याचे कागद मी जपून ठेवले आहेत. आपल्या खात्यातील कोणाला तपासायचे असल्यास स्वखर्चाने पाठवीन.

आपली,
एक ग्राहक, कोल्हापूर