खोली सोडण्याआधी

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने आणि मी ठरवलंय ते फोनवर सांगितलंच, तरी पुन्हा लिहिते. चाळ पाडायला घेतील तेव्हा तुम्ही ट्रान्झिट कॅम्पमध्ये जायचं नाही, दिवाळीनंतर माझ्याकडे यायचं. खोली बाबांच्याच नावावर राहणार आहे, त्याची काळजी नको. पण तिसऱ्या माळ्याचा जिना, गॅलरीच्या टोकाचा संडास आणि रात्री खोकला आला की उठून बसणारी आई, हे आता आम्हाला बघवत नाही. इथे लिफ्ट आहे. संडासात धरायला दांडी बसवून घेतली आहे. आई, तुझ्या देव्हाऱ्याला पूर्वेची भिंत मोकळी ठेवलीय, आणि पाटा-वरवंटाही आणायचाच आहे.

निघण्याआधी एक काम मात्र त्याच खोलीत करायचं. बाबांनी गिरणीबद्दल बोलायचं आणि बंटीने मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. खोलीतली खुंटी, मोरी, पोटमाळा समोर असला की आठवणी आपोआप सुटतात. इथे नव्या भिंतींकडे बघून ते होणार नाही.

सकाळचा चहा आणि बाबांचा श्वासाचा पंप झाल्यावर बसा. पंपानंतर चूळ भरायची, विसरायचं नाही बाबा. एका बैठकीला अर्धा तास पुरे, नाहीतर दम लागतो. पंखा बंद करा, त्याची घरघर आवाजावर चढते. मोबाइल विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, बाबांच्या हाताभर अंतरावर ठेवायचा. बंटीने उजव्या बाजूला, समोर तोंड करून बसायचं. बाबांचा डावा कान गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने गेला, हे त्याला ठाऊक नाही.

सुरुवात संपापासून नको. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे छापून आलेलं आहे. जे तुमच्याच हाताला माहीत आहे ते सांगा. बदलीवाल्याने, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज लागणाऱ्याने, पाळीच्या वेळेला दारात कसं उभं राहायचं, काम नाही मिळालं तर काय. ताणा (मागावरचे उभे धागे) तुटू नये म्हणून खात्यात हवा किती दमट ठेवायचे. आडव्या धाग्याची कांडी संपल्यावर नव्या कांडीचा, धोट्यातून (मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नळीतून) धागा तोंडाने कसा ओढायचा. याच तोंडाने ओढण्याच्या कामामुळे, विटाळ मानून, दलित कामगारांना कापडखात्यात (विणकामाच्या खात्यात) घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. तुमच्या खात्यात ती भिंत कधी आणि कशी पडली, की पडलीच नाही, हे जसं पाहिलं तसंच सांगा. कुणाला वाईट वाटेल म्हणून गुळगुळीत करू नका. नाव घ्यायचं नसेल तर 'अमक्या पाळीचा जॉबर' (म्हणजे मुकादम) एवढं म्हणा.

साल आठवलं नाही तर अडू नका. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ ला, त्याच वर्षी दुष्काळ होता. आणीबाणी जून १९७५. त्याच्या आधी की नंतर, एवढं कळलं तरी पुरतं.

आई, 'माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं' हे मी ऐकणार नाही. खानावळीत डब्याचे किती जण, महिन्याला काय घ्यायचीस, रॉकेलची रांग, संपाच्या महिन्यांत कुणाची उधारी लिहायची थांबवलीस, हे बाबांनासुद्धा पुरतं माहीत नाही. तुझी बैठक वेगळी ठेवा. बाबा समोर असले की तू गप्प बसतेस.

ट्रंकेतले कागद (बदली पास, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाची पावती) लॅमिनेट करायला कुणी नेलं तर देऊ नका. उष्णता आणि गोंद कागदात बसतो, पुन्हा सोडवता येत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढायचे. पाठीमागे लिहायचं तर पेन्सिलने. लग्नाचा फोटो काचेला चिकटलाय, तो ओढू नका, काचेसकट फोटो घ्या. बंटीने रोजचं रेकॉर्डिंग तारीख घालून मला पाठवायचं आणि दादाच्या कॉम्प्युटरवरही ठेवायचं. एकाच मोबाइलवर राहिलं तर गेलं म्हणूनच समजा.

बाबा, संप संपल्यानंतरची वर्षं सांगायची नसतील तर नका सांगू. तुम्ही रात्रपाळीहून येऊन मला शाळेत सोडायचात, तेवढं मला पुष्कळ आहे. पण सांगावंसं वाटलं तर घाई न करता, थांबत थांबत सांगा. मध्ये गप्प झालात तर बंटीने लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, हे मी त्याला बजावलंय.

दोघांनी वेळेवर जेवा. रक्तदाबाची गोळी सकाळचीच, रात्रीची नाही.

तुमची,
बेबी