खैऱ्या मेंढरांचा झाला

हडपसर, पुणे
18 नोव्हेंबर

प्रिय सचिन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण सुट्टीचे सगळे दिवस मी तात्यांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या मेंढरांच्या फिरत्या तळावर होतो. वेल्सच्या डोंगरात शेतकऱ्याच्या शिट्टीवर कुत्रा कसा वळला, कसा पोटावर बसला आणि मेंढरं कशी मुकाट फाटकातून आत गेली, हे तू दोन पानं भरून लिहिलं आहेस. मी ते काकीला वाचून दाखवलं. तिने परत एकदा वाचायला लावलं. शेवटी तू विचारलंस, तात्यांचा कुत्रा खैऱ्या असं कधी शिकणार?

तो असं कधीच शिकणार नाही, सच्या. त्याचं काम वेगळं आहे, आणि गेल्या सव्वा वर्षात ते काम त्याच्यात कसं उतरलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते तुला सांगावं म्हणून आज बैठक मारून बसलोय.

तू पाहिलीस ती बॉर्डर कॉली. तिच्या ब्रिटनमधल्या पहिल्या जाहीर स्पर्धा 1873 साली तुझ्या त्या वेल्समध्येच, बाला गावी झाल्या. टक लावून बघणं, दबा धरणं, गोल फिरून वेढा घालणं ही सगळी शिकारच आहे, फक्त शेवटचा चावा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून काढून टाकलेला. आपल्या माळावर याची गरजच पडत नाही. तात्या खांद्यावर घोंगडी टाकून पुढे चालतात, हाळी देतात, आणि मेंढरं मागे येतात. आपल्याला कुत्रं लागतं ते रात्री. सासवड, सुपे, दौंडच्या माळांवर लांडगा अजून आहे, आणि मेंढरांभोवती लावलेलं वाघरीचं जाळं काही त्याला अडवत नाही. लांडग्याबद्दल तात्यांच्या मनात राग नाही. त्याचा वाटा तो नेणारच म्हणतात. पण वाटा किती जायचा, ते वाड्यावरच्या कुत्र्यावर ठरतं.

म्हणजे आपल्या कुत्र्याने मेंढरांकडे शिकार म्हणून बघताच कामा नये. मेंढरं त्याला आपली सगी वाटली पाहिजेत. ही सगळी विद्या एवढीच आहे, आणि ती हुकूम देऊन शिकवता येत नाही.

खैऱ्या गेल्या वर्षी सप्टेंबरात आला, सात आठवड्यांचा. शेजारच्या वाड्यावरच्या कुत्रीचा. तात्यांनी पिल्लं बघितलीच नाहीत, आधी तासभर आई बघितली. मेंढरं उठली की ती उठते का, कोकरू अंगावरून उडी मारून गेलं तर दात दाखवते का. मग पिल्लांतलं एक उचललं. खैरा रंग, छातीवर पांढरा ठिपका, पंजे अंगापेक्षा मोठे. संध्याकाळी त्याला कोकरांच्या लहान वाघरीत सोडलं. ते कुईकुई करत जाळीपाशी बसलं आणि मी त्याला उचलायला गेलो, तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ऊब लागली की जातंय ते." मध्यरात्री मी बॅटरी मारून पाहिलं. चार कोकरांच्या मधोमध खैऱ्या, एका कोकराची मान त्याच्या पाठीवर. नुसतं नाक बाहेर होतं.

आणि तेव्हाच मी चूक केली. दहा-बारा दिवसांनी त्याला हगवण लागली. मी घाबरलो आणि तात्यांचं न ऐकता त्याला हडपसरला फ्लॅटवर आणलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, औषध दिलं, तीन दिवसांत पिल्लू खडखडीत झालं. तिथेच परत न्यायला हवं होतं. पण सोसायटीतली पोरं त्याला खेळवायला यायची, ते माझ्या उशाशी झोपायचं, मला घर भरल्यासारखं वाटायचं. मी पंधरा दिवस ठेवून घेतलं. वाड्यावर सोडलं तर ते मेंढरांकडे फिरकेना. काकीच्या चुलीपाशी बसायचं, माणूस दिसला की शेपूट हलवत पळायचं. तात्या चिडले नाहीत. म्हणाले, "आजारातनं वाचीवलंस, ते चांगलं केलंस. पर माणसाची सवं लागलीया त्येला. आता ती मोडायला दुप्पट दिस लागत्याल."

नंतर मी याबद्दल वाचलं. कुत्र्याच्या पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्या दिवसांत ते ज्यांच्यात वावरेल ते त्याचे गणगोत होतात. ती खिडकी एकदा मिटली की पुन्हा तशी उघडत नाही. म्हणजे मी त्या मोजक्या आठवड्यांतले दोन आठवडे खाल्ले होते. 1970 च्या दशकात अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या जोडप्याने युरोप-तुर्कस्तानातली राखणदार कुत्री नेऊन मेंढपाळांना दिली आणि वर्षानुवर्षं त्यांची निरीक्षणं केली. त्यांनी चांगल्या कुत्र्याचे तीन गुण सांगितले: कळपावर लक्ष, कळपाला इजा न करणं, आणि राखण. मी ते तात्यांना सांगितलं. ते विडी विझवून नीट ऐकत होते. म्हणाले, "बराबर लिव्हलंय. पर राखण शेवटची. आदी लक्ष येतंय."

तेव्हापासून नियम झाला. भाकरी चुलीपाशी नाही, वाघरीत. त्याच्याशी कुणी लाडाने बोलायचं नाही. मी वाड्यावर गेलो तरी हात लावायचा नाही. सच्या, हे किती जड जातं ते तुला सांगता येणार नाही. तो जाळीपलीकडून माझ्याकडे बघत उभा राहायचा आणि मी मान फिरवून तंबाखू मळणाऱ्या तात्यांशी बोलत बसायचो. महिनाभराने तो बघायचा बंद झाला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

दिवाळीनंतर वाडा कोकणात निघाला. दिवे घाट उतरून वडकीला थांबायचं आणि रात्री दोनला शहर ओलांडायला लागायचं, कारण दिवसा त्या रस्त्यावर मेंढरू घालता येत नाही. मीही बरोबर गेलो. मंतरवाडी, उंड्री, कोंढवा, कात्रज. आपण दोघं कॉलेजात असताना या रस्त्याला शेतं होती, आठवतं? आता दोन्ही बाजूंनी टॉवर. चार महिन्यांचा खैऱ्या घोडीवर होता, भांडी, कोंबड्या आणि दोन आजारी कोकरांच्या शेजारी गोणपाटात. ट्रकचा हॉर्न वाजला की कोकरांच्या पोटाखाली डोकं घालायचा. उंड्रीच्या पुढे गल्लीतली सात-आठ भटकी कुत्री मेंढरांवर आली. वाड्यावरच्या मोठ्या दोघांनी त्यांना अंगावर घेतलं. खैऱ्या घोडीवरून ते सगळं बघत होता, आणि पहिल्यांदा त्याच्या गळ्यातून काहीतरी आलं. भुंकणं म्हणवणार नाही असं, पण काकीने लगेच वळून पाहिलं. शहराच्या कडेला लांडग्यापेक्षा या टोळ्यांचाच त्रास जास्त आहे. रेबीजची लस वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना दर वर्षी टोचायची हे काम म्हणूनच मी अंगावर घेतलंय.

अजून एक काम घेतलंय, जंतांच्या गोळ्यांचं. मेंढरू एकाच बाजूला मान वाकडी करून गरगर फिरत फिरत मरतं, ते लहानपणी तू आमच्याकडे पाहिलंयस. तेव्हा सगळे बाहेरचं काहीतरी म्हणायचे. तो कुत्र्याच्या पोटातल्या पट्टीच्या जंताचा खेळ आहे. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढराच्या पोटात जातात, त्यांतून निघालेली अळी मेंदूत जाते, आणि तिथे पाण्याची गाठ धरते. मेलेल्या मेंढराचं मुंडकं कुत्र्याला टाकलं की चक्र पुन्हा सुरू. आता दर तीन महिन्यांनी मी कुत्र्यांना प्राझिक्वांटेलची गोळी गुळात घालून देतो आणि मुंडकं खोल पुरायला लावतो. तात्यांनी हे माझं एका शब्दात ऐकलं. राखणदारच कळपाला रोग लावतो, हे त्यांना फार लागलं.

फेब्रुवारीत ते घडलं. वाडा माणगावच्या बाजूला भात कापलेल्या खाचरांत बसला होता. खैऱ्या सात महिन्यांचा, अंगाने मोठा, अकलेने पोर. दुपारी सगळे आडवे झालेले असताना तो एका महिन्याभराच्या कोकराबरोबर खेळायला लागला. कोकरू पळालं, हा मागे लागला, कान धरला, पाडलं, पुन्हा उठवलं, पुन्हा पाडलं. काकी धावत गेली तोवर कोकराचा कान फाटला होता आणि मागचा पाय लुळा पडला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, जिन्यात जाऊन बसलो. ते फ्लॅटमधले पंधरा दिवस डोळ्यांपुढून हलेनात.

वाड्यावरचे बाकीचे म्हणाले, रक्त चाखलं, आता हे कुत्रं कामाचं नाही, एखाद्या बागाईतदाराला देऊन टाक. तात्यांनी त्याला मारलंही नाही आणि दिलंही नाही. बाभळीचा हातभर ओंडका तासून त्याच्या गळ्यात लोढणं अडकवलं. चालताना अडचण नाही, पळायला लागला की गुडघ्यावर आदळतं. आणि कोकरांतून काढून त्याला म्हाताऱ्या मेंढ्या आणि एडक्यांमध्ये टाकलं. तिथे त्याने मस्ती केली की एडका मान खाली घालून यायचा. एकदा बरगडीत अशी बसली की खैऱ्या दोन दिवस तिरका चालला. "मी शिकवून त्येला भ्या बसंल," तात्या म्हणाले. "त्यांनी शिकीवलं तर रीत बसंल."

हे वय सगळ्यांनाच नडतं. पाच-सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत राखणदार जातीचं पिल्लू असंच लोकर ओढतं, कान चावतं, पाठलाग करतं, आणि बहुतेक कुत्री याच वयात वाया ठरवून टाकून दिली जातात. पुरतं शहाणं व्हायला त्याला दीड-दोन वर्षं लागतात. तेवढी वाट बघणारा माणूस लागतो.

वैशाखात वाडा घाट चढून परत आला तेव्हा तात्यांनी लोढणं काढलं. पावसाळा शांत गेला. खैऱ्या कळपाच्या मागे चालायचा, मेंढरं बसली की थोडा उंचवटा बघून बसायचा. मी जायचो तेव्हा एकदा वास घेऊन परत आपल्या जागी. पण कोकरांजवळ तो गेला की काकीचा हात थांबायचा. माझाही श्वास थांबायचा.

आणि आता या दिवाळीतलं सांगतो. भाऊबीजेनंतरचा रविवार. वाडा भुलेश्वरच्या डोंगराखाली होता. संध्याकाळी मोजणी झाली. तात्यांची सात खंड्या मेंढरं, एकशे चाळीस. एकशे एकोणचाळीस भरली. एक गाभण मेंढी नव्हती. पुन्हा मोजलं. मग काकी हळूच म्हणाली, "खैऱ्या कुठाय?" कुणी काही बोललं नाही. तात्यांनी काठी उचलली, मी बॅटरी. मोठ्या कुत्र्यांना नेलं नाही.

अर्धा तास फिरलो. दिवसभराची चराई ज्या अंगाला झाली तिकडे एक ओघळ आहे, बोरीच्या झुडपांनी भरलेली. तिथून भुंकणं आलं, जाड आणि सलग. बॅटरी टाकली तर खैऱ्या ओघळीच्या तोंडाशी उभा, मानेवरचे केस ताठ, आमच्यावरच भुंकतोय. तात्यांनी हाळी दिली तेव्हा गप्प झाला, पण वाट सोडली नाही. आम्ही जवळ गेल्यावर बाजूला झाला. मागे बोरीखाली मेंढी व्यालेली. कोकरू ओलं, अजून चारी पाय धड टेकत नव्हतं. खैऱ्या दहा-बारा पावलांवर जाऊन बसला. मेंढीने त्याच्याकडे बघून पुढचा पाय आपटला. त्याने मान दुसरीकडे वळवली आणि हनुवटी मातीला टेकवली. ती पुन्हा कोकरू चाटायला लागली.

सच्या, मी तो क्षण विसरणार नाही. एवढा मोठा दांडगा कुत्रा, आणि त्याला कळत होतं की आत्ता हिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

तात्या बराच वेळ तसेच उभे राहिले, बॅटरी खाली करायला लावून. मग कोकरू उचलून घोंगडीत घेतलं, मेंढी मागे निघाली. मेंढीची जार (वार) तिथेच पडली होती. मेंढी पुरती ओघळीबाहेर पडेपर्यंत खैऱ्या त्या जारेला शिवला नाही. मग जार खाल्ली, जमीन चाटली, आणि धावत येऊन आमच्या मागे, सगळ्यात शेवटी चालायला लागला. वाड्यावर पोचल्यावर काकीने विचारलं. तात्या म्हणाले, "बसला हुता तिच्यापाशी." काकीने भाकरी दुधात कुस्करली आणि स्वतः वाघरीत नेऊन ठेवली. त्या रात्री खैऱ्या कोकरांच्या वाघरीत झोपला, नऊ महिन्यांनी. तात्यांनीच दोरी सैल केली.

येत्या सोमवारी वाडा पुन्हा निघतोय. वडकीहून रात्री दोनला. मी चांदणी चौकापर्यंत चालणार आहे, पुढे ते पौडमार्गे ताम्हिणी उतरतील. या वेळी खैऱ्या घोडीवर नाही, कळपाच्या उजव्या अंगाला असेल, जिकडून गाड्या येतात.

तुझ्याकडून एक काम हवंय. त्या शेतकऱ्याकडे पुन्हा गेलास तर त्याला विचार, त्याचं पिल्लू पहिल्या वर्षी मेंढराला चावलं तर तो काय करतो. आणि त्याच्याकडेही मेंढरं गरगर फिरून मरतात का, कुत्र्यांना गोळी किती महिन्यांनी देतात. तात्यांना ऐकायचंय. त्यांनी मला दोनदा आठवण केली आहे.

वहिनींना नमस्कार, छकुलीला गोड पापा. तुझ्या आईला परवा भेटून आलो, तब्येत चांगली आहे, तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे.

तुझाच,
दत्ता