केरळ कॅन्सल, दिवाळीला गावाकडंच येतोय

तीर्थरूप आई आणि बाबा, शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला घेतलं की आई मधेच "जेवलास का" विचारते आणि मूळ विषय राहून जातो, म्हणून लिहूनच पाठवायलोय. दिवाळीत केरळला जायचं मी कॅन्सल केलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं, तिकिटाचे पैसेबी परत आलेत, त्यामुळं आता बदल नाही. बाबा, तुम्ही पारावर सगळ्यांना सांगितलंय हे माहितीय, पण मनाला लावून घेऊ नका. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर दगदग नको म्हणायलेत, त्यात एवढा लांबचा रेल्वेप्रवास, रोज नवं लॉज, आईचे गुडघे. पण कारण तेवढंच नाही. पोरांना पूर्ण सुट्टी मला आपल्या शिवारात फिरवायचीय.

तुम्ही म्हणाल, इथं काय ठेवलंय बघायला. इथं संभाजीनगरात रविवारी आम्ही हिमायत बागेत जातो. मागं धाकटीनं तारेवरचा वेडा राघू ओळखला, तो हवेतल्या हवेत माशी धरून परत त्याच तारेवर येऊन बसायला लागला तर ही भर उन्हात बघत उभी, मॉलमध्ये लगेच कंटाळणारी पोरगी! त्या रात्री मोठा आपल्या विहिरीवरच्या बाभळीचं विचारत बसला. सुगरणीची पिल्लं आता उडून गेली असतील, तरी खोपे काढू नका. नर अर्धा खोपा विणून मादीला दाखवतो, तिला नाही आवडला तर तसाच सोडून दुसरा घेतो, ते अर्धवट खोपे त्याला दाखवायचेत. आणि भोरड्या! पार मध्य आशियाकडून येतात त्या, आपल्याला फक्त ज्वारीवरची धाड म्हणून माहिती, पण नाकतोडेबी तेवढेच खातात. बाबा, गोफण कशी फिरवायची ते पोरांना दाखवा, दगड न घालता.

आई, ओसरीच्या कडेला भुसभुशीत मातीतले ते नरसाळ्यासारखे खड्डे आठवतात का, मी काडीनं आतला किडा वर काढायचो आणि तू म्हणायचीस, राहू दे रे, त्याला त्याचं जेवण करू दे. मुंगी घसरून खाली आली की धरतो तो, पुढं त्याला चतुरासारखे पंख फुटतात. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी दुपारभर तेच बघायचो. ओसरीला फरशी बसवायची म्हणतेस ना, बसव, पण ती एक कड मातीची ठेव.

बाबा, यंदा बांध पेटवू नका. तुमचा बांध शिवारात सगळ्यात साफ असतो, मला अभिमानच आहे त्याचा, पण तरवड, बोरी, गवत आम्ही येईपर्यंत राहू द्या. फुलपाखरं तिथंच दिसतील, आणि तुरीच्या फुलावर येणारे भुंगे-मधमाश्याबी अशाच झाडोऱ्याच्या आसऱ्यानं राहतात.

आई, तू इचूकाट्याची काळजी करशील. पोरांना गमबूट घेतलेत, दिवस मावळायच्या आत घरात. तुझ्यासाठी कमोडची खुर्ची आणायलोय, चकल्या-करंज्या इथूनच करून आणतो, तू चुलीपुढं बसायचं नाही. अंघोळीचं पाणी मी तापवीन. आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बास.

बाबांनी विहिरीपर्यंतच यायचं, गोदावरीला पोरांना मी नेईन. तुम्हाला होत नाही म्हणून नाही म्हणत, तो उतार मलाबी जड जातो. पण कोणत्या झाडाला काय म्हणतात ते मला अर्ध्याचंबी येत नाही, तिथं तुम्हीच लागता.

येताना पैठणवरून येऊ. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि नाथषष्ठीला इतक्यांदा जाऊन आपण पाण्याकडं कधी फिरकलो नाही.

तुमचा,
बापू

ता. क. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवा, इथूनच घेऊन येतो. आणि बाबा, सकाळची गोळी चहाच्या आधी की नंतर ते आईला विचारा, स्वतःच्या मनानं घेऊ नका.