पर्यावरणशास्त्राची पदवी वर्गाबाहेर न्या

माननीय उच्च शिक्षण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी पदवीच्या वर्गांना पर्यावरणशास्त्र शिकवते. या विषयाकडे येणारी मुले मनापासून येतात. पाणी, हवा, जंगल यांचे काय चालले आहे ते त्यांना समजून घ्यायचे असते. पदवी हातात पडेपर्यंत मात्र त्यांच्या वाट्याला बहुतेक स्लाइड्स आणि पाठ केलेल्या व्याख्याच येतात. क्षेत्रभेट होते, पण ती सहलीसारखी. फोटो काढायचे, अहवाल जोडायचा, झाले.

यात काय हरवते ते एका साध्या प्रॅक्टिकलवरून सांगते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असतो. विंकलर पद्धतीत बाटली काठोकाठ भरून बूच असे लावायचे की आत एकही बुडबुडा राहू नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तिथेच, पाण्याच्या काठावर घालायचे, कारण नमुना तसाच प्रयोगशाळेत नेला तर वाटेतच त्यातला ऑक्सिजन बदलतो. तपकिरी साका बसतो. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, म्हणजे ते थेंबथेंब घालत किती लागले ते मोजायचे, आणि स्टार्चचा निळा रंग उडाला की रीडिंग घ्यायचे.

हेच प्रॅक्टिकल नळाच्या पाण्यावर उरकलेले मी पाहिले आहे. उत्तर येते, जर्नलवर सही होते. पण शेवाळ माजलेल्या तळ्यात भर दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर असतो आणि रात्रभर सगळे जीव तो वापरत राहिल्यामुळे पहाटे तोच अगदी कमी होतो, हे त्या विद्यार्थ्याला कुठे कळणार? पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. फक्त दुपारी नमुना घ्यायला शिकलेला पदवीधर उद्या अशाच तळ्याला चांगल्या पाण्याचा दाखला देईल. मला याची खरोखर भीती वाटते.

या शास्त्राचे मोठे शोध एकाच जागी चिकाटीने मोजत राहिल्यामुळे लागले आहेत. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता, आता 420 च्या पुढे आहे. 1964 मध्ये निधी कापला गेल्याने हे मोजमाप काही महिने बंद पडले आणि ती रिकामी जागा आजही आलेखात दिसते. अंटार्क्टिकावरच्या ओझोनचेही तसेच. 1950 च्या दशकापासून नोंदी ठेवल्या जात होत्या, म्हणूनच 1985 मध्ये ओझोनची घट ठामपणे मांडता आली आणि 1987 मध्ये ओझोनला मारक रसायनांवर बंधने घालणारा मॉन्ट्रियल करार झाला.

मंत्री महोदय, शिक्षकांची इच्छा नाही असे नाही. पहाटे विद्यार्थ्यांना घेऊन तळ्यावर गेलेले तास कार्यभारात धरले जात नाहीत. प्रवासखर्च मुलांच्या खिशातून जातो, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो घरी राहतो. काही अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे कुठेच लिहिलेले नाही. त्यात अनेक विभाग रसायन, वनस्पतिशास्त्र किंवा भूगोलातून उसन्या घेतलेल्या शिक्षकांवर चालतात. ते आपापल्या विषयात उत्तम आहेत, पण या सगळ्याची सांगड घालायला पूर्णवेळ माणूस लागतो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. महाविद्यालयाजवळचे एक तळे, ओढा किंवा माळरान निवडून तिथे सलग वर्षभर मोजमाप करणे प्रत्येक विद्यार्थ्याला बंधनकारक करा. त्या नोंदी पुढच्या तुकडीकडे सोपवल्या जाव्यात. क्षेत्रकार्याचे तास शिक्षकांच्या कार्यभारात मोजा. प्रवास, विमा आणि रसायनांसाठी वेगळी तरतूद ठेवा, जी दुसरीकडे वळवता येणार नाही. प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी पदांसाठी ही पदवी ग्राह्य धरण्याचा प्रश्नही आहेच, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकापूर्वी या विषयाच्या शिक्षकांची एक बैठक आपण बोलवावी, ही विनंती.

आपली,
पर्यावरणशास्त्राची एक प्राध्यापिका